बाकड्यावरची मोकळी जागा

प्रिय डेलमार,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच टेबलावर आपटशील, ठाऊक आहे मला. तुझ्या इमोजीनने माझ्या लोराइनला फोनवर सगळं सांगितलं. तू म्हणालास म्हणे, "सव्वादोन वर्षं मी या कॅन्सरशी झगडतोय आणि चार गावांत ज्याने माझे चेंडू झेलले, त्याला साधी एक ओळ लिहवत नाही. वेंडल मेला असेल तर कळवा, फुलं तरी पाठवतो." मेलो नाही गड्या. फुलं राहू देत. रागाव खुशाल, पण शेवटपर्यंत वाच.

इथे मेपलची पानं गळू लागली आहेत. असं पिवळं ऊन उतरलं की मला शाळेतल्या ऑडलीबाई आठवतात आणि त्यांनी पाठ करून घेतलेली नदीची कविता आठवते. डोंगरातून निघालेली, गावागावाला वळसा घालणारी, कुठेच न थांबणारी ती नदी. पुढे बेसबॉलच्या मैदानात कॅचर झाल्यावर फलंदाजाचं लक्ष उडावं म्हणून त्याच्या पाठीशी उकिडवा बसून मी तीच पुटपुटायचो. बट गावच्या संघातल्या त्या धिप्पाड गड्याने शेवटी पंचाकडे तक्रार केली होती, "साहेब, याला गप्प करा, नाहीतर पुढचं कडवं तरी म्हणायला लावा."

ती नदी म्हणजे तूच की रे. दर वसंतात नवी टोपी, नवा मॅनेजर. एकदा तर दुपारचा सामना आमच्याकडून खेळलास, मधल्या वेळात विकला गेलास आणि संध्याकाळी आमच्याच विरुद्ध चेंडू टाकायला उभा राहिलास. इमोजीन दर घरी तेच निळे पडदे लावायची. खिडकी लहान निघाली की कापायची. शेवटी विचिटा गावात ते स्वयंपाकघराच्या झरोक्यापुरते उरले होते. सगळ्यात वरच्या, बड्या लीगने तुला एकदाच बोलावलं, एका सप्टेंबरपुरतं. तेव्हाच्या पोस्टकार्डावर तू एवढंच लिहिलं होतंस, "इथले टॉवेल मऊ आहेत." ते कार्ड अजून आमच्या आरशाच्या चौकटीत खोचलेलं आहे.

पण मला वारंवार आठवते ती विचिटाचीच दुपार. सहा डाव झाले तरी तुझ्या चेंडूवर कुणालाही एक हिट, एकही धड फटका, मिळाला नव्हता. फलकावरचं ते शून्य सगळ्यांना दिसत होतं, तरी बोलत कुणीच नव्हतं. अशा वेळी चेंडू टाकणाऱ्या पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते, हे मला नवखा असताना तूच शिकवलं होतंस. अख्खं बाकडं तुझ्यापासून सरकून एका टोकाला गोळा झालं होतं. नवीन आलेला रूबेन पाण्याचा पेला घेऊन तुझ्याकडे निघाला, तर मी त्याची कॉलर धरून त्याला खाली बसवलं. "अहो, त्यांना तहान लागली असेल." "लागू दे." नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात शेवटचा झेल पकडला गेला, शून्य शून्यच राहिलं आणि सगळे तुझ्या अंगावर कोसळले. ढिगाऱ्याखालून तू ओरडलास, "मेल्यांनो, दुपारभर वाळीत टाकलंत, आणि आता बरगड्या मोडताय?"

तुझी पहिली तपासणी स्वच्छ आली तेव्हा मी पत्र लिहायला बसलो होतो, ते अर्धंच राहिलं. तीन महिन्यांनी दुसरीही स्वच्छ आल्याचं कळलं आणि माझा हात थांबला. डॉक्टर अशा नऊ तपासण्या घेणार, असं इमोजीन म्हणाली होती. नऊ, डेलमार. मी काय करणार होतो? त्यानंतर तुझ्या प्रत्येक तपासणीच्या दिवशी मी त्याच खुर्चीत बसलो, तोच न धुतलेला तपकिरी स्वेटर घालून. लोराइन म्हणायची, "हा स्वेटर आता स्वतःच्या पायांनी चालत मशीनमध्ये जाईल." फोन आला की ती तोंडाने काही सांगत नसे, मी तशी शपथच घातली होती तिला. माझ्यापुढे कॉफी ठेवली की समजायचं, अजून शून्य आहे. "अरे, तो तिकडे एकटा पडलाय आणि तू इकडे खेळ मांडून बसलायस," असं ती एकदा चिडून म्हणालीही. खरं होतं तिचं. पण पत्र टाकलं आणि पुढच्याच तपासणीत काही निघालं असतं, तर मी तोंड कुठे लपवणार होतो?

काल नववी झाली. कॉफी ठेवताना लोराइनचे डोळे भरून आले होते. कप अर्धा बशीत सांडला, पण ठेवला तिने. आता वर्षभराने या, असं डॉक्टर म्हणाले ना तुला? मग आता बोलायला हरकत नाही. स्वेटर धुवायला टाकलाय. मंगळवारच्या बसने मी येतोय. तुझ्या ओसरीवर ते लांब बाकडं अजून असेल, तर मधोमध बसू नकोस, जरा सरक. मला अगदी तुला खेटून बसायचं आहे.

गुडघ्यांनी दगा दिलेला, पण तुझाच कॅचर,
वेंडल