निळ्या वर्तुळातला

४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नव्या मोसमाच्या सरावासाठी कोचने आमचे फोन कपाटात घालून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आहे. त्यामुळे ही पत्र वाचायची शिक्षा तुला. माझं अक्षर बघून बाबा लगेच चष्म्याचा नंबर तपासायला बोलावतील, तर त्यांना सांग, डोळे ठणठणीत आहेत.

खोली बरी आहे. पाच टेबलं, पाच स्क्रीन, खिडक्यांना जाड पडदे. माझ्या शेजारी आजोबा बसतात. घाबरू नकोस, आजोबा म्हणजे टीममधला सगळ्यांत जुना खेळाडू, वय वर्षं एकोणतीस. आमच्या कॉम्प्युटर गेमच्या धंद्यात तिशी म्हणजे काठी टेकायचं वय. नवा मोसम ते खेळणार नाहीत, त्यांच्या जागेवर कुणी तयार होईपर्यंत थांबले आहेत.

आता मुद्द्याचं. आई, माझी बोटं मंदावली आहेत. टीममध्ये एक नवी पोरगी आली आहे, माझा नेम लागेपर्यंत तिचा लागून मोकळा होतो. कोच म्हणतात, आघाडी तिला दे आणि तू आजोबांच्या जागी सपोर्टला ये. सपोर्ट म्हणजे मागे राहून बाकीच्यांना जपायचं, पडलेल्याला उठवायचं, स्वतःच्या पदरात काही नाही. ज्याचा चेहरा पोस्टरवर होता त्याने आता दुसऱ्यांची उठाबस करायची! महिनाअखेर हो की नाही सांगायचं आहे. मी नाही म्हणून परत यायचं ठरवलं आहे. दुकानात बाबांच्या हाताखाली काचा पुसायला माणूस हवा असेल तर कळव.

उत्तर लवकर धाड. बाबांना नमस्कार, तुलाही, आणि रागावली असलीस तर दोनदा.

तुझा
ढब्बू


९ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बाबांनी ते हातभर लांब धरून वाचलं आणि म्हणाले, नंबर नक्की वाढलाय. दुकान काही पळून जात नाही, तू कधीही ये. काचा पुसायचं मात्र नाव काढू नकोस. मागच्या सुट्टीत तू पुसलेल्या चष्म्यावरून गिऱ्हाईक तुझे अंगठे घरी घेऊन गेलं होतं.

पण मला तुझं दुखणंच कळलं नाही. मागे राहून जपायचं काम कमीपणाचं म्हणतोस, मग इतकी वर्षं तू दुसरं काय केलंस? दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दुकानातल्या टीव्हीवर तुझ्या मॅचच लावतो. त्या बोलणाऱ्यांचा आरडाओरडा बाबांना सोसत नाही, म्हणून आवाज बंद. त्या टोपड्यांमध्ये तोंडं तर कुणाचीच दिसत नाहीत. तू पहिल्या वर्षी सांगितलं होतंस, माझ्या पायाखाली निळं वर्तुळ असतं, तेवढंच बघ. मी तेवढंच बघते.

ती पडक्या पुलाची मॅच आठव. तू सुखरूप पलीकडे पोचला होतास. लाल वर्तुळवाला तो उतावळा भलतीकडेच पळत जाऊन पडला, आणि तू त्याच्यासाठी परत फिरलास. त्याला उठवलंस, आपलं औषध त्याला दिलंस, आणि त्याच्या वाटच्या गोळ्या अंगावर घेत वाटेत उभा राहिलास. तू पडलास, तो जिंकला. एक बाई चष्म्याचं माप द्यायला आल्या होत्या. त्यांना बाबा म्हणाले, हा आमचा मुलगा. तू जिंकतोस याचं कौतुक आहेच रे, पण तुला मागे वळता येतं याचा मला खरा अभिमान आहे. मग आताच लाज कसली?

त्या लालला मात्र कुणीतरी आवरा. बाबा म्हणतात, याला घरी कुणी काही सांगत नाही का?

बोटांना रोज तेल लाव. माया होतीच, आहेच, वेगळी काय मागायची.

तुझी
आई


१४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून असा खो खो हसलो की कोच धावत आत आले. मग हसू कुठल्या कुठे गेलं.

आई, निळं वर्तुळ माझं नाही. पहिल्या वर्षी होतं. दुसऱ्या वर्षी मी आघाडीवर गेलो, मला लाल मिळालं आणि निळं आजोबांकडे गेलं. तुला सांगायचं राहूनच गेलं. ज्याला घरी कुणी काही सांगत नाही तो उतावळा मी.

राग आला, खोटं कशाला बोलू? आई माझी आणि कौतुक शेजाऱ्याचं! त्याच तिरीमिरीत जुन्या मॅचचं रेकॉर्डिंग लावलं आणि तू बघतेस तसं बघितलं, आवाज बंद, नजर निळ्यावर. आजवर मी रेकॉर्डिंगमध्ये फक्त स्वतःला बघायचो. ज्या मॅचने मला पोस्टरवर नेलं, तिच्यात मी पहिल्या पाच मिनिटांतच गारद झालो असतो. प्रत्येक वेळी निळं मध्ये आलं. मला त्याचा पत्ताही नव्हता, मला वाटे माझं नशीब जोरावर आहे.

आजोबांकडे जाऊन आभार मानले. ते म्हणाले, आज काय विशेष? मग मी तुझं पत्रच वाचून दाखवलं. पुलाचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचायला लावला. त्यांच्या घरी फक्त निकाल विचारतात, मधलं कुणी बघत असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मग एसी बाधला म्हणत नाक शिंकरायला बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आल्यावर म्हणाले, शिकायचं असेल तर खुर्ची इकडे ओढ. मी कोचला हो सांगितलं आहे. त्यांची अट अशी की मोसमाच्या पहिल्या मॅचला जमलं तर करार, नाहीतर राम राम. पुढे पळायची खोड जाता जात नाही, मला धाकधूक आहे. पण आता ही जागा मला हवी आहे, मनापासून हवी आहे.

आशीर्वाद या खेपेला नीट पत्ता घालून पाठव.

तुझा
ढब्बू


२० फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. (पत्ता तपासून घातला आहे.)

चष्म्याच्या दुकानात जन्म गेला आणि पोटचा पोर ओळखता आला नाही, आता बोल! त्या बाई चष्मा न्यायला आल्या आणि त्यांनी अगत्याने मुलाची चौकशी केली. बाबा म्हणाले, आमचा तो उठवणारा नव्हे, आमचा तो पडलेला. बाईंनी घाबरून तब्येत विचारली.

राग आल्याचं लिहिलंस ते बरं केलंस. पण वेड्या, मी काय वर्तुळावर माया केली? निळ्याने काही चांगलं केलं की मला वाटायचं, माझा आहे म्हणूनच चांगला आहे. आता कळतंय, माझा होता तो दुसऱ्याच कुणीतरी जपून मला परत दिलेला होता.

सोबतची चिठ्ठी आजोबांना दे, फोडू नकोस. इतकी वर्षं मुलगा समजून त्यांना आशीर्वाद दिले, ते काही मी परत मागणार नाही. तुला नवे देते.

भीती वाटली तर वाटू दे. मॅच आम्ही बघतोच आहोत.

तुझी
आई


२२ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मॅच तुम्ही पाहिलीतच. पहिल्या डावात जुन्या खोडीने मी पुढे धावलो आणि सगळ्यांना घेऊन बुडालो, तेही पाहिलंत. पाठीमागे बसलेले आजोबा नुसते खाकरले. शेवटच्या डावात ती पोरगी जिन्यावर पडली आणि मी परत फिरलो. ठरवून नाही, पाय वळलेच. मी तिथेच संपलो, ती जिंकली.

सगळा गराडा तिच्याभोवती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि मी तरी कुठे कधी आजोबांकडे पाहिलं होतं? कोचनी शांतपणे कराराचा कागद समोर ठेवला. मी सही केली. दुकानातली जागा तूर्त दुसऱ्या कुणाला द्या.

इथवर लिहून पाकीट बंद करणार होतो. पण आज ती पोरगी घुटमळत माझ्या टेबलाशी आली. तिच्या आईचं पत्र आलं होतं आणि त्यात माझ्यासाठी एक ओळ होती. त्या माउलीला खेळातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी लिहिलं होतं, तुझ्या मागे सारखा उभा असतो तो कोण गं, दमत असेल बिचारा, त्याला माझ्याकडून विचार, जेवलास का.

आई, मी जेवलो होतो. पण इतकं भरून आलं की एवढंसुद्धा सांगता येईना. ती पोरगी घाबरून आजोबांना बोलवायला धावली. ते आले, त्यांनी ती ओळ वाचली, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसून राहिले.

बाबांना नमस्कार. तुम्हा दोघांचा लोभ मला न मागता मिळत आला, आज एकदा मागून घेतो.

तुझा
ढब्बू