फिरत्या पट्ट्याची जाळी

बाबा, गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा राईस मिल आतून पाहिली. तुम्ही असताना कितीतरी वेळा मी तुमचा डबा घेऊन मिलपर्यंत आले, पण तुम्ही मला फाटकाच्या आत कधी येऊ दिलं नाही. एकदा चौकीदार जेवायला गेला होता म्हणून मी सरळ शेडच्या दारापर्यंत पोचले, तर तुम्ही आतून धावत आलात. अंगभर कोंड्याची धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या. एरवी तुमचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी दंडाला धरून मला बाहेर काढलंत आणि म्हणालात, "इथं कायले आली? ओढनी उडून राहिली, पट्ट्यात गेली म्हंजे?" मला फार लागलं ते. डबा तुमच्या हातात देऊन मी मागे न बघता निघाले. संध्याकाळी तुम्ही तालुक्याला, गोरेगावच्या बाजारातून सेफ्टी पिना आणल्यात आणि ओढणी दोन्ही खांद्यांवर कशी टाचायची ते चुलीपुढे बसून दाखवलंत. माय हसत होती, तुमच्या जाड बोटांना पिन उघडता येत नव्हती म्हणून.

तुमच्या स्वतःच्या गळ्यात मात्र गमछा असायचाच. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तो तोंडावर बांधायचा, आणि त्याचं टोक मागे सुटं राहायचं. मी दहावीत असताना ते टोक मशीनच्या फिरत्या पट्ट्यात गेलं. मशीन बंद होईपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्याच्या आधीच मिलचा मालक घरी आला आणि अंगणात खाटेवर बसून रडला. खरंच रडला, मी पाहिलं. मायला म्हणाला, "बाई, पट्ट्याले जाळी पाहिजे असा काही नियम राहता तर मी लावलीच असती. कोनाच्या ध्यानात येनार होतं?" माय पदर तोंडाला लावून ऐकत होती. मग उठली आणि त्याच्यासाठी चहा मांडला. पुढच्या हंगामात त्याने तिला मिलच्या अंगणात धान वाळवायच्या कामावर घेतलं. त्याच कामावर तिने मला आणि धाकट्याला वाढवलं. आजही ती म्हणते, मालक चांगला मानूस होय, त्यानं आपल्याले वाऱ्यावर नाई सोडलं. आणि बाबा, मीही इतकी वर्षं तेच धरून होते. तेव्हा नियम नव्हता, कोणाला माहीत नव्हतं, कोणाचा दोष नव्हता. त्या समजुतीवर आमचं घर उभं राहिलं.

आता मी दूरच्या शहरात एम.ए. करते. विषयाचं नाव लांबलचक आहे, सरकारी नियमनाचं धोरण आणि व्यवहार. म्हणजे सरकार नियम का करतं, कसे करतं, आणि केलेला नियम खाली माणसापर्यंत पोचतो की वाटेतच राहतो, ते शिकायचं. माय शेजारणींना सांगते, पोरगी कायद्याचं शिकून राहिली. पहिल्या सत्रात आमच्या मॅडमनी प्रत्येकाला आपल्या ओळखीच्या कामातला एक नियम शोधायला सांगितला. कधी झाला, कशामुळे झाला. मला काही विचार करावा लागला नाही. तुमच्या नंतर कधीतरी झाला असेल अशा खात्रीने मी वाचायला बसले. कदाचित तुमच्यामुळेच झाला असेल, असंही मनात होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. नियम सापडला. यंत्राच्या फिरत्या भागांना मजबूत आडोसा हवा, आणि यंत्र चालू असेपर्यंत तो काढायचा नाही. साधी भाषा, तुम्हालाही एका वाचनात कळली असती. बाबा, तो नियम तुमच्या जन्माच्या आधीचा आहे. तुम्ही मिलमध्ये पहिलं पाऊल टाकलंत तेव्हा तो होता. मालक अंगणात रडत होता तेव्हाही होता. ग्रंथालयात पंखे फिरत होते, शेजारची मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

मग या नियमाची तपासणी कशी होते ते पाहण्यासाठी मी आपलाच जिल्हा मागून घेतला. गोंदिया रोडवरच्या एका मिलमध्ये कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबांबरोबर गेले. आत गेल्यावर तोच वास आला, तुमच्या सदऱ्याला यायचा तो. पट्टा समोर फिरतो आहे, आणि त्याच्याभोवती हिरव्या रंगाची लोखंडी जाळी. एवढीच. मी तिला हात लावून पाहिला, ती थरथरत होती. ही बसवायला किती वेळ लागतो, असं मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "वेल्डर आ जाए तो एक दोपहर का काम है, मॅडम।" साहेब पलीकडे उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले की मिला इतक्या आणि तपासणारे आम्ही एवढेसे, सगळीकडे पोचणं होत नाही. खोटं बोलत नव्हते. मी ते लिहून घेतलं. पुढे माझ्या निबंधात 'मनुष्यबळाची कमतरता' असा एक परिच्छेद झाला, आणि मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला. तो कोणाबद्दल आहे हे तिथे कोणाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मिलमधून मी घरी गेले. मायने कपाळावरून हात फिरवून धूळ पुसली आणि जेवायला वाढलं. ती विचारत होती, काऊन गप्प आहेस, मिलमध्ये भेव वाटलं का. मी म्हटलं, थकली आहे. तिचे हात पाहिले, उन्हात धान पसरून पसरून काळे पडलेले, आणि तोंडापर्यंत आलेलं सगळं भाताबरोबर गिळलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटत नाही. हे तुम्हाला लिहिलं, कारण हे ऐकून आता ज्यांना दुखणार नाही असे आपल्या घरात तुम्ही एकटेच आहात.