ठमीचा डबा

८ जुलै
ठमीने काल सकाळपासून तोंडात काही घेतलं नाही. तीन उलट्या. पाणी मात्र पिते, पीतच राहते. एरवी कॅटफूडच्या डब्याचं झाकण वाजलं की कपाटावरून उडी. आज मुद्दाम वाजवलं. एक कान हलला, बस.
(कागदोपत्री नाव ‘विदुषी’, मी ठेवलेलं. सौ. आणि मांजर दोघींनी ते एकमताने फेटाळून आठ वर्षं झाली.)
सौ. म्हणते, नजर लागली. म्हटलं, आजवर हिचीच सगळ्यांच्या ताटाला लागत आलीय. हसली नाही.

९ जुलै
मांजरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. टोपलीत घालताना ठमी दर खेपेला माझं रक्त काढते. आज आपणहून जाऊन बसली. ते जास्त लागलं.
रक्त तपासलं. मूत्रपिंडं बिघडलीत. कातडीखाली सलाइन, रोज यायचं.
“खायला काय देता?”
सुटं कॅटफूड. इथल्याच, कोपरीतल्या कुंदनच्या दुकानातून, पोत्यातून काढून दिलेलं.
“बॅच नंबर? मुदत?”
पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव होतं, तेवढं सांगू शकलो.
बाई म्हणाल्या, पोतं उघडं राहिलं की या हवेत बुरशी धरते, डोळ्याला दिसत नाही, तिचं विष भिनू शकतं. ‘शकतं’ म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत मी ते ‘भिनलं’ करून टाकलं होतं.

१० जुलै
कुंदनकडे गेलो. दुकानात तीन गिऱ्हाइकं. मुद्दाम ती असतानाच बोललो.
तो शांत. “काका, अर्धा पोता विकला. एकाचा फोन नाय आला.”
“मेलेल्या मांजरांना फोन करता येत नाही.”
(वाक्य चांगलं जमलं असं त्या वेळी वाटलं.)
“तसा नका बोलू. माझा बोका पन तेच खातो. हा बगा.” गल्ल्याशेजारी एक गलेलठ्ठ बोका पसरला होता. पोत्यातली मूठभर त्याच्यापुढे टाकली. बोक्याने चाटूनपुसून खाल्ली आणि माझ्याकडे पाहिलं.
सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं, दुकानाच्या नावासकट. मग मी अधूनमधून लिहितो त्या साप्ताहिकासाठी चारशे शब्द. मथळा ‘पोत्यातले विष’. संपादक खूश: “इतक्या वर्षांत पहिल्यांदा गटार सोडून काहीतरी पाठवलंत.”

११ जुलै
ठमी तशीच. सौ. सिरिंजने पाणी पाजते. “घे गं बाई, एवढंच घे.” मुलीला भरवताना हाच सूर होता. मुलगी आता टिटवाळ्याला, तिच्या घरी. दिवसातून चार फोन, तेही मांजरासाठी. बापाची चौकशी शेवटच्या वाक्यात.
ग्रुपवर अठ्ठावीस अंगठे. दोघांनी लिहिलं, आम्हीही तिथून घेणं बंद केलं.

१२ जुलै
बाईंनी सांगितलं, डब्यातलं उरलेलं घेऊन या, तपासायला पाठवू. पिशवीत ओतलं. तळाशी पांढरी पूड. झालं, बुरशी सापडली! सौ.ला हाक मारणार होतो.
मग बोटांत चोळली. वास नाही. गुळगुळीत.
ही पूड मला माहीत आहे. वर्षाच्या तांदळाला बोरिक पावडर चोळायची, हे या घरातलं एकमेव खातं माझ्याकडे आहे आणि त्याचा मला गर्व आहे. पंधरा दिवसांपूर्वी ठमीच्या डब्यात एक टोका, धान्यातला किडा, फिरताना दिसला. डबी हाताशीच होती. एक चमचा घातला, डबा हलवला, झाकण लावलं. कुणाला सांगण्यासारखंही त्यात काही नव्हतं.
तांदूळ आपण तीन पाण्यांनी धुतो. हिचं जेवण कोण धुतं?
धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे शिकण्यात ऐन तारुण्य घालवलं. अग्नी कुणाच्या घरात, हे बघायचं राहिलं.

१३ जुलै
जिन्यात उभं राहून बाईंना फोन केला. सगळं सांगितलं.
बाईंनी तारीख विचारून घेतली. मग, “चमचा केवढा?”
“चहाचा. भरून.”
“बरं झालं सांगितलंत. हेच असेल असं छातीठोक नाही सांगता येणार. डब्यातलं तपासू. उपचार बरेचसे तेच.” मग, “घरी माहितीय?”
म्हटलं, रेंज जातेय.

१४ जुलै
संकष्टी. सौ.चा उपास, ठमीचाही.
संपादकांना फोन, मजकूर थांबवा. “पान लागलंय हो. का थांबवू?” म्हटलं, पुरावा कमी पडतोय. खोटं नव्हतं. पण खरंही मुळीच नव्हतं. थांबवला, पण चिडले.
रात्री उपास सोडताना सौ.: “त्या मेल्याच्या दुकानाला कुलूप लागलं पाहिजे.”
मी मान हलवली. हलवली! कुणी जबरदस्ती केली नव्हती.

१५ जुलै
संध्याकाळी बेल. कुंदन. हातात बंद पाकीट, सील असलेलं. सौ.ने जाळीचं दार उघडलं नाही.
“काकू, मांजर कशी हाय?”
“जगली तर कळवू.”
“पोता मी परत पाठवला. दुकानान कोन येत नाय आता, ते र्‍हाऊ द्या. ही बरी झाली का द्या तिला.” पाकीट दाराबाहेर ठेवून गेला.
मी सौ.च्या मागे दीड हातावर उभा होतो. तोंड उघडलंही होतं. सौ.ने पाकीट तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

१६ जुलै
रक्तातले आकडे किंचित खाली. बाई म्हणतात, आनंद करू नका, पण रडूही नका. शनिवारी पुन्हा.
परतताना कुंदनकडे. दुकान रिकामं, फक्त बोका. सांगून टाकलं, एका दमात. वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.
पोत्याच्या सुतळीशी चाळा करत राहिला. मग, “काकूंना सांगितलाव?”
“नाही.”
“मंग मला आधी कशाला सांगताव?”
“ग्रुपवर लिहितो. आत्ता, इथेच.”
“नको. आधी काकूंना. त्यांना ग्रुपवर वाचून कलला तर कसा वाटल त्यांना?” मग, “पन लिवा. नक्की लिवा, काका.”

१७ जुलै
सकाळी ठमीने कोंबडी शिजवलेलं पाणी चाटलं. दोन चमचे असेल. सौ.ने मुलीला फोन करून सांगितलं, रडली, डोळे पुसून कुंदनचा उद्धार केला. मग म्हणाली, “मीच घातलं होतं ना वाटीत, या हाताने. दोनदा वाढलं त्या दिवशी.”
ती स्वतःला दोष देते आहे, हे मला आज कळलं.
म्हटलं, जरा बस, बोलायचंय. म्हणाली, “थांबा, हिचं औषध होऊ दे.”
औषध झालं. सिरिंज धुऊन झाली. ठमीला मांडीवर घेऊन समोर बसली आहे. मी लिहितोय.
“बोलायचं होतं ना? काय एवढं लिहिताय?” विचारते आहे.