दादाचा उजवा पाय

मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मंजूताईस,
शेखरचा शि. सा. न. वि. वि.

तुझा नियम पाळतो आहे. भावांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या नाहीत, काय ते लिहून पोस्टात टाका, असं तू बजावलंस. लिहायला बसलं की निम्मा राग पत्ता लिहिण्यातच जातो. उरलेला निम्मा खाली आहे.

ताई, मला लीड गिटारवरून काढलं. तीस वर्षं आमच्या ऑर्केस्ट्रात जुनी सिनेमाची गाणी रेकॉर्डला असतात तशीच, एक सूर इकडचा तिकडे न करता वाजवली, आणि आता हर्षाली म्हणते, शेखरकाका, तुम्ही बेस गिटार घ्या. आमचे बेसवाले मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि तिला बँकेत काम करणारा कुंदन नावाचा गिटारवाला सापडला, त्याची बोटं म्हणे फार पळतात. ऑर्केस्ट्रा चालवते ती, गाते ती. मी बरं म्हणालो.

आता सहा तारांच्या जागी चार, त्याही दोरखंडासारख्या. लीड वाजवलं की लोक वळून बघायचे, बेस वाजवला की कुणाला पत्ताही लागत नाही. परवा आडगावच्या हळदीत आमच्या सुवर्णाने पहिल्या रांगेतून खुणेनं विचारलं की वायर निघालीय का. मग उठून साउंडवाल्याकडे गेली आणि आमच्या ह्यांचा आवाज वाढवा म्हणाली. त्याने वाढवला, तर जेवणाच्या टेबलांवरचे पेले सरकायला लागले.

पण खरं दुखणं वेगळं आहे. बेसवाल्याला ड्रमवाल्याला चिकटून उभं राहावं लागतं. त्याच्या उजव्या पायाने वाजतो तो मोठा ड्रम आणि आपला बेस एका क्षणी पडायला हवेत. आणि ड्रमवर कोण, तर तुझे थोरले बंधू. घरं भिंतीला भिंत लावून, फुलांची शेती एक, तरी नऊ वर्षं आमचं बोलणं बंद, पंप कधी लावायचा तेसुद्धा ललितावहिनी इकडून तिकडे सांगते. तेव्हा एका भर लग्नात माझा सोलो चालू असताना त्या गृहस्थाने झांज आपटून गाणं संपवलं होतं. मी डोळे मिटून एकटाच वाजवत राहिलो आणि सगळं वऱ्हाड हसलं. ते मी विसरलेलो नाही. आता त्याच्याच पायाकडे कान लावून उभा असतो.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे, सल्ला थोडा कमी दिलास तरी चालेल.

तुझा
शेखर

मखमलाबाद
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. मंजूस,
भिकनदादाचे अनेक आशीर्वाद.

मी लिहिणारा माणूस नाय, तुला ठाऊक हाय. ललिता समोर बसून मेथी निवडती, तिला सांगितलं मंजूला शेवंतीचं कळवतोय. तर शेवंती यंदा बरी हाय. म्हंजे खोटं बोललो असं नाय.

मंजू, माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणे वाटी घासली, बदलावी लागंल. शेतात मी कसाबसा निभावतो, पण ड्रमला पाय लय लागतो. हळू गाण्यात चालून जातं. पळत्या गाण्यात मात्र एखादा ठोका पायातच राहतो, खाली येतच नाय. मग झांज जोरात मारतो. लोकांना वाटतं भिकनराव रंगात आले.

हर्षालीनं एक यंत्र आणून ठेवलंय. बटण दाबलं की ड्रम आपोआप वाजतो, चुकत नाय, चहा मागत नाय. पायाचं तिला कळलं की माझी जागा गेली. एकसष्टीला आलो, मला दुसरं काय येतं. फुलं पोटासाठी हायेत, ड्रम माझ्यासाठी हाय.

आन् नेमका आता शेखर बेस घेऊन माझ्या बाजूला येऊन उभा राहिलाय. अख्ख्या ऑर्केस्ट्रात पायाचा ठोका मोजणारा एकच माणूस असतो, तो बेसवाला. तुला माझी शपथ, त्याला सांगू नको. तो बोलणार नाय, आमचं बोलणंच नाय, पण त्याची दया मला नको.

इगतपुरीत थंडी लय असंल, कानाला बांधत जा. माया पातळ होऊ देऊ नको.

भिकनदादा

मखमलाबाद
१२ डिसेंबर २०२४

ती. सौ. मंजूताईस,
सा. न. वि. वि.

आज खुशाली विचारत नाही, सरळ मुद्द्यावर येतो. तुझे बंधू मुद्दाम करतात. मी बरोबर ठोक्यावर तार ओढतो आणि तिथे ड्रमच नसतो. जिना संपला असून अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं होतं. एरवी झांजा काय जोरात आपटतात, पण माझ्याबरोबर पडायची वेळ आली की पाय वर. हर्षालीने दोनदा वळून बघितलं, ते माझ्याकडे. चुकला कोण, तर नवीन बेसवाला.

नऊ वर्षं झाली तरी याचं मन भरेना. बावीस तारखेला घोटीला एका गुरुजींच्या निवृत्तीचा कार्यक्रम आहे. तो झाला की मी हर्षालीला सांगणार, ड्रमवाला ठोके खातो, त्याला तरी ठेव नाहीतर मला तरी. तिच्याकडे यंत्र तयारच आहे. तुला आधी कळवलं, मागाहून म्हणू नकोस.

राग तुझ्यावर नाही, हे वेगळं लिहायला नको.

शेखर

इगतपुरी
१६ डिसेंबर २०२४

चि. शेखर यास,
मंजूताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या दाजींनाही वाचून दाखवलं. जन्मभर रेल्वेत सिग्नल सांभाळलेला माणूस, म्हणाले, दोन इंजिनं समोरासमोर आणून उभी केल्यावर दुसरं काय होणार. त्यांना दुपारचा चहा मी उशिराच दिला.

आता नीट ऐक. दादा हट्टी आहे, तोंडाने फटकळ आहे, त्या लग्नात चुकला ते चुकलाच. पण रस्त्याने जाणाऱ्या परक्या वरातीतला ताशा चुकला तरी त्याला जेवण जात नाही. तो माणूस मुद्दाम ठोका सोडेल, हे तुझ्या मनात आलं तरी कसं? याहून जास्त मला लिहिता येत नाही. का, ते विचारू नकोस.

घोटीला एक कर. तू त्याच्या तोंडाकडे बघत वाजवतोस आणि रागाने लाल होतोस. तोंडाकडे बघू नकोस, पायाकडे बघ. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, फक्त उजव्या पायाकडे. त्यानंतर हर्षालीला सांगावंसं वाटलं तर खुशाल सांग.

सुवर्णाला म्हणावं, साउंडवाल्याच्या नादी लागू नकोस. बहिणीचा धाक अजून थोडा शिल्लक असेल तर तो जपून ठेव.

मंजूताई

मखमलाबाद
६ जानेवारी २०२५

ती. सौ. मंजूताईस,
सा. न. वि. वि.

घोटीला पाय बघितला.

पँटखाली गुडघ्याला जाड पट्टी बांधलेली दिसते. गाणं संपलं की दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय पुन्हा जागेवर ठेवतो, आणि तोंड असं हसरं की समोरच्याला शंका येऊ नये. मी हर्षालीला काय सांगणार होतो ते आठवून मला स्टेजवरच घाम फुटला. तुला सगळं माहीत होतं. सांगितलं नाहीस ते बरं केलंस, मी मानलं नसतं.

तेव्हापासून दादाचा ठोका राहिला की मी जाड तार तळहाताने दाबून अंगठ्याने नुसती धप मारतो, सूर काढत नाही. लांबून ड्रमच वाटतो. तीन कार्यक्रम झाले, कुणाला कळलं नाही. तीस वर्षं लोकांनी ऐकावं म्हणून वाजवलं, आता माझं वाजलेलं कळू नये म्हणून जीव तोडून वाजवतो आहे.

आता पुढचं. कुंदनची जळगावला बदली झाली. हर्षालीने मला लीड परत देऊ केलं, बेसवर नवीन कुणी आणते म्हणाली. ताई, मी दोन महिने याचीच वाट बघत होतो. घरी येऊन जुनी गिटार काढली, तास दोन तास वाजवली. मग लक्षात आलं, नवा बेसवाला पहिल्याच दिवशी विचारेल की ड्रमवाल्या काकांचा पाय का येत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, माझी बोटं आता लीडची राहिली नाहीत. वाईट वाटलं का विचारशील, तर फार वाईट वाटलं. दादाला यातलं अक्षर कळता कामा नये. तुला आईची शपथ.

सांभाळून घेत आलीस, आणखी थोडं घे.

शेखर

मखमलाबाद
७ जानेवारी २०२५

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा तसाच हाय. ठोका मात्र परत आला. माझ्या पायातून नाय, बाजूला उभ्या माणसाच्या अंगठ्यातून. त्याला वाटतं मला कळत नाय. खात्री करायची म्हणून एका गाण्यात मी पाय उचललाच नाय, आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम. अख्खं गाणं ठोका पडत व्हता. मंजू, मला मान वर करवंना.

हर्षाली म्हणाली, शेखरकाका लीड नको म्हणतात, बोटं राहिली नाय म्हणे. कुणाला सांगतो? आमची भिंत एक हाय. त्या दिवशी दोन तास गिटार ऐकली मी, बोटं नुसती पळत व्हती. तो माझ्यापायी अडकून पडलाय. म्हणून संक्रांत झाली की हर्षालीला सांगणार, भिकन थकला, यंत्र लाव. मग तो मोकळा होईल. तू त्याला बोलू नको. शपथ घालतो.

सगळ्यांना आशीर्वाद, तुला थोडे जास्त.

भिकनदादा

इगतपुरी
१० जानेवारी २०२५

ती. दादा आणि चि. शेखर,
दोघांना मिळून हे एकच पत्र. नमस्कार कुणाचा आणि आशीर्वाद कुणाचे, ते आपसात वाटून घ्या.

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. दोघांनी शपथा घातल्यात, मी दोन्ही मोडते आहे. पाप लागलं तर ते तुम्हीच निस्तरा. पाकीट शेखरच्या नावाने पाठवते. शेखर, आत दादाचं पत्र आहे ते तू वाच. तुझंही आत आहे, ते दादाच्या हातात तू स्वतः नेऊन दे. ललितावहिनीच्या हातून नाही. तिला मी फोन करून सांगितलं आहे, या घरचा निरोप त्या घरी नेलास तर माझ्याशी गाठ आहे.

नऊ वर्षं मी तुमचं पोस्ट ऑफिस झाले, आज ते बंद करते. दोघांची वेगवेगळी काळजी करून मी दमले आहे. मला माझे दोन्ही भाऊ एकत्र हवेत.

मंजुषा

मखमलाबाद
२० जानेवारी २०२५

ती. सौ. मंजूताईस,
शि. सा. न. वि. वि.

हर्षालीचं आधी सांगतो, कारण दुसरं लिहायला हात धजत नाही. संक्रांतीला दोघं मिळून तिच्याकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मी गाते ती कान बंद करून गाते असं वाटलं की काय तुम्हाला. तिला घोटीपासून माहीत होतं. तेव्हापासून गाणी कधी नव्हे इतकी घट्ट बसली म्हणून गप्प राहिली होती; लीड देऊ केलं ते माझा हक्क म्हणून, मी नको म्हणालो तेव्हा तिला हायसंच वाटलं. दादाचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे. तोपर्यंत पळती गाणी आम्ही दोघं मिळून निभावायची आणि मग तो बरा होऊन येईपर्यंत त्याच्या जागेवर यंत्र लावायचं नाही, ठोका एकट्या माझ्या अंगठ्यावर चालवायचा, असं ठरलं. लीडवर मैना नावाची मुलगी येते आहे. छान वाजवते. मला थोडं लागतं, पण मी बेसच वाजवणार.

आता दुसरं. दादाचं पत्र मी ओट्यावर बसून वाचलं. मग माझं घेऊन त्याच्या दारात गेलो. नुसतं हातात दिलं आणि परत आलो. बऱ्याच वेळाने तो आमच्या तीन पायऱ्या चढून आला, प्रत्येक पायरीवर थांबत. नऊ वर्षांनी पहिला शब्द काय काढला असेल? गाढवा. म्हणाला, गाढवा, इतक्या जोरात तार मारतोस, अंगठा फुटेल. ताई, मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडलो.

तुला लिहायला आता तक्रारी उरणार नाहीत, तरी तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
शेखर

ता. क. पत्र वाचलं मी. तो रडला ते त्यानं लिहिलं. मी बी रडलो, ते लिहू नको म्हणून सांगितलं व्हतं, म्हणून त्यानं लिहिलं नाय. मीच लिहितो. — दादा