हळदीकुंकवाला नाही म्हणायची तयारी

४ जानेवारी, रविवार
चर्चमधून आले. पास्टरांचा आजचा विषय : आपल्या विश्वासात नसलेल्या शेजाऱ्यांशी कसं वागावं. आपण जगाचं मीठ आहोत, प्रेमानं वागावं, पण त्यांच्यात विरघळून जाऊ नये, असं म्हणाले. बाकीच्या बायका नुसत्या माना डोलवत होत्या. मी विचार केला.
शेजारी म्हणजे मालनबाई. पुंडलिकनगरात घर घेतल्यापासून भिंतीला भिंत. संक्रांतीनंतर त्यांच्याकडं हळदीकुंकू असतं आणि दरवर्षी मी जाते. वाण घेते, तिळगूळ खाते. कुंकू तेवढं लावून घेत नाही, माझ्या हाताला त्या अत्तर लावतात. म्हणजे विरघळायला सुरुवात झालेलीच आहे.
यंदा जायचं नाही. ठाम, पण प्रेमळ नकार द्यायचा. कुणाला वाटेल, हे गेले म्हणून जात नाही. त्याचा काही संबंध नाही. हे मार्चमध्ये गेले. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

६ जानेवारी
नकाराची प्रॅक्टिस, आरशासमोर. ‘मालनबाई, तुमच्या भावनांचा मी आदर करते.’ कर्ज नामंजूर करणाऱ्या मॅनेजरसारखी दिसले. वाक्य बदलावं लागणार.
मोनिकाचा पुण्याहून फोन. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, मम्मी, त्यांनी बोलावलं का पण? म्हटलं, अजून नाही. म्हणाली, मग? माझ्या मुलीला पूर्वतयारी म्हणजे काय ते कळत नाही. बापावर गेली आहे.

९ जानेवारी
गच्चीवर मालनबाई भेटल्या. तीळ धुऊन वाळत घालत होत्या. मी मोघम सांगून ठेवलं की आमच्यात हे हळदीकुंकू वगैरे चालत नाही. त्या हो हो म्हणाल्या. फारच पटकन म्हणाल्या. माझे अजून दोन मुद्दे बाकी होते.

१३ जानेवारी, भोगी
पास्टरांचा नियम : कुणी काही खायला दिलं तर चौकशी न करता खावं. पण त्यानं स्वतःहून सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर मग खाऊ नये.
अकराच्या सुमारास मालनबाई ताट घेऊन दारात. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, भोगीची भाजी. म्हणाल्या, ताई, गरम हाय तवर खा, आत्ताच देवाला... आणि मला जोरात खोकला आला. थांबेचना. खोकतच ताट घेतलं आणि दार लावलं. नैवेद्याचं म्हणणार होत्या की देवाला दिवा लावून आल्या होत्या, कोण जाणे. वाक्य पूर्ण झालं नाही. तत्त्व शाबूत.
भाजी फार सुंदर झाली होती.
दुपारी त्यांनी खोकल्यासाठी आल्याचा काढा पाठवला. तोही घेतला. काढ्याला धर्म नसतो.

१४ जानेवारी, संक्रांत
गल्लीतल्या बायका नटून निघाल्या. मी दार उघडं टाकून वाचत बसले. उजेडासाठी. तेच पान दुपारपर्यंत पुरलं. मालनबाई येऊन तिळगूळ देऊन गेल्या. हळदीकुंकवाचं काही बोलल्या नाहीत. रथसप्तमीपर्यंत वेळ असतो.

१७ जानेवारी
समोरच्या सरिताला बोलावणं आलं. शुक्रवारी, तेवीसला. मला आलेलं नाही. उत्तम झालं. परमेश्वरानं परीक्षेतून सोडवलं.
संध्याकाळी : पण नकार द्यायचा तर आधी कुणी बोलवायला नको? न बोलावलेल्या ठिकाणी न जाणं, याला विश्वासाची साक्ष देणं म्हणत नाहीत.

१९ जानेवारी
मालनबाईंकडं गेले. सहज. खुर्च्या लागतील का विचारलं. सतरंजी लागेल का विचारलं. मोठं पातेलं? वाणाला यंदा काय आणलं? म्हणाल्या, चहाची गाळणी. म्हटलं, वा, माझी फाटलीच आहे. त्या हो का म्हणाल्या आणि कुकर बघते म्हणून आत गेल्या. कुकर लावलेला नव्हता. शिट्टी शेगडीशेजारी पडली होती.
मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. आपल्या धर्माबाहेरच्या माणसाशी मोकळेपणानं कसं बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.
आमच्या यांना हा प्रश्न कधी पडला नाही. एसटीच्या वर्कशॉपातून आले की गणपतीच्या मंडपाची वायरिंग करायला जायचे. मी म्हणायची, अहो, मूर्तीपुढं दिवे कसले लावता? म्हणायचे, दिवे त्यांचे ते लावतात, पोरांना शॉक बसू नये तेवढं मी बघतो. यांचं धर्मशास्त्र एवढंच. यांच्या मातीला अर्ध्याहून जास्त माणसं गणेश मंडळाचीच होती.

२१ जानेवारी
मालनबाई स्वतःहून आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. म्हणाल्या, ताई, राग नका मानू. तुमच्यात चालत नाही हे एक बरंच झालं बघा. नाहीतर मला लई अवघड गेलं असतं. यंदा बायका म्हणत होत्या... आणि थांबल्या. त्यांची नजर माझ्या मोकळ्या गळ्यावर गेली आणि तिथून घाईनं माघारी आली.
बायका काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही.
आणि मग माझ्या तोंडून निघालं : आमच्यात चालत नाही असं कुठं लिहिलंय?
मालनबाई दचकल्या. मी जास्त दचकले. त्या म्हणाल्या, अहो, तुम्हीच तर गच्चीवर सांगितलं. म्हटलं, ते कुंकवाचं. हळदीला कोण काय म्हणतंय? हळद आम्ही वरणात घालतोच की.
त्या म्हणाल्या, या मग शुक्रवारी. पाचला. बायकांचं मी बघते. दारापर्यंत गेल्या आणि रडल्या. मीही. मला सर्दी होती.

२२ जानेवारी
पुन्हा विचार केला. मीठ विरघळल्याशिवाय भाजीला चव येत नाही. पास्टरांच्या हे लक्षात आलेलं नसावं. ते स्वयंपाक करत नाहीत.
उद्या जायचं, पण साक्षीसाठी. संधी मिळताच बोलायचं. विषय ठरवून ठेवले आहेत. मोरपंखी साडीला इस्त्री केली.

२३ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळी
गेले. खोली भरलेली. मी शिरले आणि बोलणी एकदम खाली आली. मालनबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन एकेकीसमोर वाकत होत्या. माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांचा हात हळदीच्या वाटीवर तसाच राहिला. सगळ्या बायका भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागल्या.
तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला : ए बाई, तिथं खांबावानी काय उभी राहिली? हिकडं ये. मला हाताखाली माणूस पायजे.
ह्या सरूबाई, मालनबाईंच्या सासूबाई. देवगाव रंगारीहून आलेल्या. त्यांचे मालक जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या बाहेर येत नाहीत, आत बसून तिळाचे लाडू वळतात. मी साडी आवरून शेजारी बसले. पाक गरम होता. त्या म्हणाल्या, हाताला पाणी लाव, शिकवलं न्हाय व्हय कुणी?
पुढं विचारलं, तुमच्यात बी असंच आत बसवत्यात?
हीच संधी. मी मान ताठ करून म्हटलं, नाही. आमच्यात सगळ्या बायका सारख्या.
म्हणाल्या, मग आपल्यातलं सोडून हितं कशाला आली मरायला?
याच्यावर माझी तयारी नव्हती. मी लाडू वळत राहिले. त्यांनी माझा एक लाडू मोडून पुन्हा वळला आणि म्हणाल्या, मालक कसे व्हते?
मार्चपासून घरी पुष्कळ लोक येऊन गेले. प्रार्थना केल्या, वचनं वाचली, धीर दिला. हे कसे होते, ते कुणी विचारलं नाही. कसं विचारतील, सगळे ओळखत होते.
मग मी सांगितलं. स्कूटर, वायरिंग, चहात पाव बुडवून बशीत सांडणं, झोपेत गाणं म्हणणं, शेवटी दवाखान्यातही नर्सचा बंद पडलेला टॉर्च दुरुस्त करून देणं. पातेलं रिकामं झालं तरी मी बोलतच होते. येशूचं नाव एकदा आलं, तेही स्कूटर सुरू होत नसली की हे घ्यायचे, म्हणून.
तरी एकंदरीत साक्ष चांगली झाली असं म्हणावं लागेल. सरूबाई मन लावून ऐकत होत्या. मधून डोळे पुसत होत्या. बी पडलं आहे. आता त्या गावी जाऊन विचार करतील.

२४ जानेवारी, दुपारी
मालनबाई आल्या. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सकाळच्या गाडीनं गेल्या म्हणाल्या. म्हटलं, माझ्याबद्दल काही बोलल्या का? म्हणाल्या, व्हय, बोलल्या ना. आणि हसू दाबलं.
सरूबाई सुनेला सांगून गेल्या ते असं : ती बाई लई बोलती. मालक गेल्यापास्नं बिचारीला कुणी ईचारलेलं दिसत नाय. कामं कुठं पळून जात न्हाईत, तू दुपारची तिच्याकडं जाऊन बसत जा. काय शिकवायला जाऊ नको. नुसतं बोलू दे.
म्हणजे जिच्याशी कसं वागावं ते शिकवायचं, ती बाहेरची मी निघाले.
मालनबाई अर्धा तास बसल्या. मला काही फरक पडतोय का ते अधूनमधून बघत होत्या. उठताना म्हणाल्या, उद्या दोनला येते, कालचं स्कूटरचं अर्धंच ऐकू आलं मला.

२५ जानेवारी, रविवार, दुपारी दीड
चर्च सुटल्यावर गप्पांना थांबले नाही. रिक्षा केली.
चहाचं पाणी दोनदा आटलं. तिसऱ्यांदा ठेवलं आहे.