मामाच्या पिकअपले आरपीएमचा काटा

पिंपळगाव राजा,
शुक्रवार

तीर्थरूप उकंडराव मामांस,

भाचा शेखर याचा दंडवत. इकडे सारं बरं आहे (गाडीचं खाली लिहितो). तुमचा गुडघा कसा आहे? दुसरबीडले संजीवनीताईच्या घरी दोन्ही टाइम गरम पोळी भेटत असंन, तर घाईनं परत येऊ नका. ताईच्या बाळाचं नाक तुमच्यावर गेलं असं मामी फोनवर म्हणत होती. तुम्ही मनाले लावून घेऊ नका, लहानपणी नाक बदलते. मी "मीटर" एवढंच म्हटलं अन् तुम्ही फोन ठेवला, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो.

तर झालं असं, की जाताना तुम्ही चावी दिली अन् बजावलं, "शेखऱ्या, गाडीले जादा रेस देऊ नको." आता जादा म्हणजे किती? आपल्या पिकअपात स्पीडचा काटा आहे, डिझेलचा आहे (तो केव्हाचाच मेला), पण इंजिन किती फिरून राह्यलं ते सांगणारा आरपीएमचा काटाच नाही. तिथं नुसतं काळं झाकण. वरच्या मॉडेलले कंपनी काटा देते. म्हणजे तुमचीच आज्ञा पाळासाठी मले तो बसवणं भाग पडलं. कंपनीचंच मीटर पाहिजे म्हणून पार रोहिणखेडले गेलो (तिथं जुन्या मशिदीचं दगडकाम पाहत बसलो, मग एक जण कबुतरं विकत होता, ते राहू द्या). शेवटी मीटर गावातच भेटलं, हिंमतरावांच्या उलटलेल्या गाडीचं. आपण खामगावले नेतो त्या गल्लीतल्या भाजीवर त्यांचा किती दिवसांचा डोळा आहे तुम्हाले माहीतच आहे, पण माणूस गोड बोलला. "घेऊन जा बाबू, बदल्यात काय द्याचं ते मंग पाहू."

डॅशबोर्ड खोलला. मामीनं चिकटवलेला गणपती काढून बाजूच्या सीटवर ठेवला अन् बेल्ट लावला. जुनं मीटर काढलं, हे टाकलं, प्लग खट्टकन बसला! काट्याची एक वायर तेवढी अल्टरनेटरपर्यंत न्यायची होती. मधात एक वायर आयतीच लोंबत होती, तिलेच जोडून दिली (ती हॉर्नची आहे असं तिच्यावर कुठं लिहिलं होतं?).

सकाळी स्टार्टर मारला अन् काटा उठला. मामा, काय उठला! त्याच्यासंगं हॉर्नही उठला. रेस दिली की बोंबलते, सोडली की कण्हते. आता तुमचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेला रेडा, गावात तसा दुसरा नाही. तो वाजला की बायांनी खामगावच्या बाजारात न्याची भाजी घेऊन बाहेर याचं, ही सवय तुम्हीच लावलेली. शालूबाई मेथीचं गाठोडं घेऊन हजर, मागं जनकाबाई कोथिंबीर घेऊन. म्हटलं, "काकू, टेस्टिंग चालू आहे."

"टेस्टिंग काय असते बे? मेथी उपटली म्या. आता परत रोवू काय?"

"मामाचा हॉर्न वाजला ना?" जनकाबाई म्हणे. "मंग चाल!"

गेलो. खामगावपर्यंत बोंबलतच गेलो. रस्त्यात एका वरातीनं बाजू दिली, एका म्हशीनं दिली नाही. परत येऊन गल्लीत शिरलो तर बाया पुन्हा बाहेर, अन् शालूबाईनं उद्याची मेथी आजच उपटलेली. ती आता आपल्या ओट्यावर सुकून राह्यली (मेथी. शालूबाई ओट्याखाली उभी राहून बोलते).

म्हणून हॉर्नच काढून टाकला. तर आता मी सकाळी मुकी गाडी घेऊन चौकात उभा, अन् एक बाई येईन तर शप्पथ. त्यात हिंमतरावांच्या नव्या गाडीचा हॉर्न, काय योगायोग पाहा, हुबेहूब तुमच्यासारखा! बाया डोळे चोळत येतात, गाठोडी टाकतात, अन् गाडी कोणाची ते मंग पाहतात. शालूबाईले म्हटलं, "काकू, हे काही बरोबर नाही." तर म्हणे, "त्याची गाडी वाजते अन् जाते. तुही नुसतीच वाजत होती." असंच चाललं तर तुम्ही येईपर्यंत अख्खी गल्ली हिंमतरावांची होईन. पण तुम्ही काळजी करू नका. काटा एकदम बरोबर आहे. गाडी उभी आहे, अन् तो शून्य दाखवते.

आपला आज्ञाधारक भाचा,
शेखर

ता. क. उद्याच्या पहिल्या एसटीनं या. गुडघा इकडंही दुखू शकते.

आणखी ता. क. हिंमतरावांचा हॉर्न तुमच्यासारखा नाही, तुमचाच आहे. मीटरच्या बदल्यात त्यांनी तेवढाच मागितला, तोही काढून पडलेला. मले वाटलं, काय भला माणूस आहे.

शेवटचं. येणं जमत नसंन तर मामीले सांगा, आज तुम्ही झोपले की मोबाइलवर आवाज भरून पाठव. ती म्हणते, तुम्ही थेट त्या हॉर्नसारखेच घोरता. स्पीकर मी टपावर बांधून ठेवला आहे.