पुण्यास, खुशाल

अण्णा,

मी अजून पंचवटीतच आहे, त्याच घरात, वरच्या दोन खोल्यांत. तुमचे जावई जाऊन सात वर्षं झाली. खालच्या खोलीत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी सध्या काय करते हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही चष्मा काढून पंच्याने पुसत बसला असता. दर दोन महिन्यांनी सात-आठ मित्रमैत्रिणींचा एक गट शनिवार-रविवार नाशिक बघायला येतो. त्यांचं सगळं मी ठरवते. त्यांतले काही पुरुष पुरुषांवर प्रेम करणारे असतात, काही बायका बायकांबरोबर संसार करणाऱ्या, आणि एक-दोघी अशा की ज्यांना जन्मल्यावर घरच्यांनी मुलगा म्हटलं पण त्या बाई आहेत. आता त्यांना एलजीबीटीक्यू म्हणतात. तुमच्या वेळी यासाठी शब्द नव्हता, आणि जे होते ते घरात उच्चारण्यासारखे नव्हते. मी वाचनालयातून दोन पुस्तकं आणून वाचली, तेव्हा मला निदान नीट बोलता यायला लागलं.

ठरवायचं म्हणजे बरंच असतं. सहलीच्या आठवडाभर आधी मी लॉजवर स्वतः जाऊन बसते. मालक विचारतो, "दोन पुरुष, एकच पलंग?" मी म्हणते, "दोन आधार कार्डं मिळतील तुम्हाला. तिसरं काय हवंय?" आधारवरचा फोटो एक आणि समोर उभी दुसरीच, असंही होतं. तेही मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे काउंटरवर चारचौघांत तमाशा नको. रिक्षावाले दोन ठरलेले आहेत, ते आरशातून मागे बघत बसत नाहीत. शनिवारी ऊन चढायच्या आत पांडवलेणी, मग पापड घालून मिसळ, दुपारी तांबट आळी. तिथं ठोक्यांच्या आवाजात सगळ्यांना मोठ्याने बोलावं लागतं, आणि दबक्या आवाजाची सवय झालेली ही मुलं मोकळी होतात. रविवारी काळाराम. दरवाज्यापाशी थांबून मी सांगते की याच दाराबाहेर एके काळी माणसं आत येऊ द्या म्हणून उभी राहिली होती.  एकदा ते ऐकून एक पोरगा म्हणाला, "काकू, आम्ही सहलीला आलोय की वनवासाला?" मी म्हटलं, "चौदा वर्षं नाही, दोनच दिवस. चपला उचला."

हा सगळा आराखडा मी तुम्ही दिलेल्या वहीत लिहिते आणि त्याचा फोटो काढून गटावर टाकते. लाल कापडाची, वर उघडणारी लांबट वही. हे पत्रही तिच्यातच लिहिते आहे.

ती वही मला कशी मिळाली ते तुम्हाला आठवत असेल का? यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या उपाध्यांकडे तुम्ही लेखनिक, त्यांच्या ओसरीवर मांडी घालून बसलेले असता. यात्रेकरू येतात, तुम्ही गाव विचारता, आडनाव विचारता, गठ्ठ्यातून नेमकी वही काढता आणि त्यांच्या पणज्याची सही त्यांच्यासमोर ठेवता. धिप्पाड माणसं त्या सहीवर बोट ठेवून रडताना मी पाहिली आहेत. मग तुम्ही खाली नवी नावं घालता. कोण गेलं, मागे कोण आहे, कुणाला किती मुलं. मी तुमच्या खांद्यावरून बघत वाचायला शिकले. शाळा तर तुम्हीच सातवीत सोडवलीत. तेरा वर्षांची होते, तुमचा अंगठा भाजला होता म्हणून एका कुटुंबाचा मजकूर तुम्ही मला लिहायला दिलात. मी निफाडच्या जागी सिन्नर लिहिलं आणि घाबरून खोडलं. तुम्ही वही मिटलीत. म्हणालात, "खोडलंस की खाली काय होतं ते कुणालाच कळत नाही. चुकलं ते राहू द्यायचं. खाली लिहायचं, वरील मजकूर चुकीचा, आणि सही करायची. चूकसुद्धा कुणाची तरी असते." सगळ्या यात्रेकरूंसमोर बोललात. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईने भाकरीच्या टोपलीखालून ही वही काढून दिली. "त्यांनी दिलीये. अक्षर चांगलंय म्हणाले." मला स्वतःला काही बोलला नाहीत.

आता दादाबद्दल. दादा घर सोडून पुण्याला गेला, त्या बँकेतल्या मित्राबरोबर राहायला लागला, आणि आपल्या घरात त्याचं नाव निघेनासं झालं. तुम्ही काढत नव्हतात, म्हणून आई काढत नव्हती, म्हणून मीही नाही. दादा सहा वर्षांपूर्वी वारला. ते मित्र, त्यांना आता मी दादाचे जोडीदार म्हणते, त्यांनीच मला फोन केला. वर्षभराने पाच मित्र घेऊन ते नाशिकला आले. त्यांना दादा सांगायचा ते गाव बघायचं होतं. मी त्यांना दोन दिवस फिरवलं, आणि त्यातून हे सहलींचं सुरू झालं.

प्रत्येक सहलीच्या शेवटी मी सगळ्यांना घाटाच्या पायऱ्यांवर बसवते. जोडीदार परतल्यावर आलेल्या पहिल्याच गटात कुणीतरी विचारलं, "काकू, तुम्ही हे का करता?" मी सांगून टाकलं, माझा भाऊ तुमच्यासारखा होता, माझे वडील साऱ्या महाराष्ट्राची नावं वहीत लिहायचे, पण स्वतःच्या मुलाचं नाव त्यांनी गाळलं.  एका मुलीने माझा हात धरून ठेवला. पुढच्या गटानेही विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग मी कुणी विचारायची वाटच बघेनाशी झाले. ऐकणारी माणसं मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, अण्णा.

गेल्या हिवाळ्यात दादाचे जोडीदार पुन्हा एका गटाबरोबर आले. घाटावरची गोष्ट त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. म्हणाले, "ताई, ते पान मला बघायचंय." मी म्हटलं, त्या उपाध्यांची वेळ ठरलेली नसते. तर म्हणाले, "मी फोन केला. पाटीवर नंबर होता. अर्ध्या तासात या म्हणाले." तोपर्यंत एकाही गटाला मी त्या ओसरीवर नेलं नव्हतं. आमच्या यादीत ती जागा नव्हतीच.

उपाध्यांचा नातू आता सगळं बघतो. टी-शर्ट घालतो, वह्या स्टीलच्या कपाटात ठेवतो. मला बघून त्याला आनंद झाला. "काकू, किती वर्षांनी. अण्णांचं अक्षर अजून आम्ही पोरांना दाखवतो." आणि त्याने आपलं पान उघडलं.

वर तुमचं अक्षर होतं. आई गेली तेव्हाचा मजकूर. दादाला घर सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. तुम्ही आईचं नाव घातलं आहे, मग "पुत्र एक", पुढे दादाचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे "पुण्यास, खुशाल". मग "कन्या एक", माझं नाव.

खुशाल हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? पत्र येत नव्हतं. की तसं असावं म्हणून लिहिलंत?

त्याच्या खाली तुम्ही गेलात तेव्हाचा मजकूर आहे. "पुत्रसंतान नाही. कन्या एक. सर्व विधी जावई यांचे हस्ते." म्हाताऱ्या उपाध्यांनी विचारलं होतं, "मुलगा?" शेजारी जावई होते, माझे सासरे होते, दीर होते. मी म्हटलं, "नाही." ते दादाला लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि वही माझ्यासमोर सरकवली. "मग तूच लिही. तुझं अक्षर अण्णांसारखं आहे." मी लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं. पुणं चार-पाच तासांवर होतं. दादाला मी कळवलंच नव्हतं.

तेराव्याला तो आला. कुणाकडून तरी कळलं असणार. वर आला नाही, खाली नळापाशी उभा राहिला. "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "अण्णांनीच सांगून ठेवलं होतं. तुला बोलवायचं नाही म्हणून." त्याने मान हलवली. पाणी मागितलं, तांब्याने प्यायला आणि गेला. पुन्हा नाशिकला आला नाही. माझ्याशी वर्षाकाठी एखादा फोन व्हायचा, त्यात तो तुमच्याविषयी एक अक्षर बोलायचा नाही. शेवटपर्यंत त्याने तेच खरं मानलं. जोडीदारांनाही त्याने तेच सांगितलं होतं.

ओसरीवर दादाचे जोडीदार बराच वेळ वाकून वाचत होते. वरच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, "खुशाल"पाशी थांबवलं. मग बोट खालच्या ओळीवर आलं. माझ्या अक्षरातले आराखडे त्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. ते म्हणाले, "अक्षर सुंदर आहे तुमचं, ताई." एवढंच म्हणाले. मागे उभ्या असलेल्या मुलांना काही कळलं नाही, त्यांचे फोटो चालले होते.

उपाध्यांच्या नातवाने पेन दिलं. "काकू, दादांचं घालायचं ना? ते गेल्याचं?" मी दादाचं नाव लिहिलं, त्याच्या जाण्याचं लिहिलं, आणि शेजारी त्याच्या जोडीदारांचं नाव लिहिलं, "बत्तीस वर्षे एकत्र" असं. नातवाने हरकत घेतली नाही. फक्त म्हणाला, "वर पुत्रसंतान नाही आलंय आणि खाली पुत्राचं नाव येतंय. खुलासा लागेल. तुमच्या अण्णांचीच पद्धत, वरील मजकूर चुकीचा, आणि सही." पेन माझ्या हातात होतं. जागाही होती. मी म्हटलं, "पुढच्या वेळी. खाली रिक्षा थांबल्यात."  मग जोडीदारांनी खाली वाकून माझ्या चपला सरळ करून ठेवल्या, मला घालायला सोप्या पडाव्यात म्हणून. त्यानंतर ते आलेले नाहीत. गट पाठवतात. आराखडा टाकला की फक्त "मिळाला" असं येतं.

ओसरी इथून सात मिनिटांवर आहे. आज जाईन, उद्या जाईन, असं म्हणत उन्हाळा गेला. मला वाटलं आधी तुम्हाला लिहावं, मग तिथं लिहिणं जमेल. म्हणून हे लिहायला घेतलं. हे कुठं पाठवायचं नाही, आणि दादाच्या जोडीदारांना दाखवायची हिंमत माझ्यात नाही. वहीतच राहील, मिसळीच्या आणि लॉजच्या याद्यांच्या मध्ये.

एक राहिलं. परवाच्या रविवारी नवा गट आला होता, नऊ जण. घाटावर ऊन उतरत होतं. एका मुलाने विचारलं, "काकू, तुम्ही हे का करता?" वाटेत मी ठरवलं होतं की यावेळी खरं सांगायचं. तो मुलगा दादासारखा मान तिरकी करून बघत होता. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी माझ्या भावाचं नाव वहीतून गाळलं. त्या मुलाने माझा हात धरला. मी तो धरू दिला.